विचारून चालणाऱ्या मंदाताई

मंदाताई देवस्थळींना घरं लक्षात राहायची ती माणसांच्या नावांनी नाही, दुखण्यांनी. बर्कशरच्या खेड्यांमधून आम्ही दहा-बारा मराठी माणसं रविवारी त्यांच्या मागून चालत असायचो आणि त्या मिटलेल्या छत्रीच्या टोकानं एकेक घर दाखवत जायच्या. "त्या निळ्या दारात एक पाय होता. अकरा वीक्स ड्रेसिंग केलं, भरायचं नाव नाही." "ती उंच चिमणी दिसते ना, तिथे डायबेटिस. फार गोड माणूस." हे त्या अगदी गंभीरपणे म्हणायच्या, त्यामुळे आम्हाला हसायची चोरी. नाव मात्र त्यांनी कधी कुणाचं घेतलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "नावं फाइलमध्ये राहिली." तीस वर्षं त्या डिस्ट्रिक्ट नर्स होत्या. म्हणजे छोटी गाडी चालवत गावोगाव फिरायचं, लोकांच्या घरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, शेवटच्या दिवसांत असलेल्यांचं अंग पुसायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो सगळा मुलूख त्यांच्या डोक्यात तसाच होता. नकाशा त्यांच्या पिशवीत असायचा, पण ओल्या बाकावर अंथरायला सोडून तो बाहेर काढलेला मी पाहिला नाही.

आमची ओळख रीडिंग शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. दोन हजार दोन साल असावं. मला आणि स्मिताला इंग्लंडात येऊन चार महिने झाले होते, आणि मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात मी तिसऱ्यांदा श्रीखंडाच्या रांगेत उभा होतो. पांढऱ्या बॉबकटवाल्या, पाचवारी साडीवर लोकरी कार्डिगन घातलेल्या एक बाई माझ्या चेहऱ्याकडे न बघता थेट पायांकडे बघत म्हणाल्या, "बूट ऑफिसचे दिसतात. दुसरे आहेत का?"

मी म्हटलं, स्पोर्ट्स शूज आहेत.

"चालतील. संडेला दहा वाजता स्टेशनला ये. बायकोला पण आण. लंच पबमध्ये."

आम्ही नागपूरचे. आमच्याकडे गरज नसताना चालणाऱ्या माणसाची चौकशी करतात, की बरं आहे ना घरी सगळं. पण 'लंच पबमध्ये' या तीन शब्दांनी माझं मन वळवलं हे कबूल करतो.

पहिल्याच रविवारी पायांचे तुकडे पडले. चिखल घोट्यापर्यंत, वर वारा, आणि कुंपणांवर त्या लाकडी पायऱ्या, ज्यांना तिकडे स्टाइल म्हणतात आणि ज्यांच्यावरून उतरताना माझ्यासारख्या वजनदार माणसाची सगळी शान जाते. साडेअकरालाच माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या मंदाताई मात्र पुढे सरळ पाठीनं चाललेल्या. रविवारी त्या साडी नेसत नसत. करड्या रंगाची पँट, नवऱ्याचा जुना रेनकोट, आणि हातात ती छत्री. मागे वळून त्या फक्त एवढंच म्हणायच्या, "गेट लाव रे, शीप बाहेर येतील." अरविंदराव गेल्यावर रविवारी घर खायला उठायला लागलं, म्हणून त्यांनी ही आमची वरात जमवली असं मला नंतर कळलं. त्या दोघांनी पूर्वी हाच सगळा भाग पायी पालथा घातला होता.

चालणं कुठूनही सुरू झालं तरी महिन्यातले दोन रविवार ते एकाच पबला येऊन थांबायचं. आम्ही त्या पबला 'मुक्काम' म्हणायचो. त्याचं खरं नाव आणि गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे येणारे एक गृहस्थ अजून तिथेच राहतात आणि मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. मेडनहेडपासून गाडीनं वीस मिनिटांवर, एवढं पुरे.

मुक्कामाचे कायदे मंदाताईंचे होते. कोण काय खाणार ते शनिवारी संध्याकाळी फोनवर सांगायचं, लझान्या की जॅकेट पोटॅटो, आणि तिथे गेल्यावर मन बदलायचं नाही, कारण किचनमध्ये एकच बाई असते आणि तिला आपला ताप व्हायला नको. चिखलाचे बूट दाराशी काढायचे. मग आम्ही सगळे मोज्यांवर, दगडी फरशीवरून, शेकोटीजवळच्या लांब टेबलाकडे जायचो. पहिल्या खेपेला माझा अंगठा मोज्यातून सबंध बाहेर आला होता. मंदाताईंनी पाहिलं. दोन आठवड्यांनी त्यांनी मला पिशवीतून कागदात गुंडाळलेले लोकरीचे मोजे काढून दिले, स्वतः विणलेले, आणि म्हणाल्या, "बायकोला बोल लावू नकोस. स्वतःचे मोजे स्वतः बघायचे असतात."

त्या स्वतः कायम एकच घ्यायच्या, प्लाउमन्स लंच. पावाचा जाड तुकडा, चीज, व्हिनेगरमधला कांदा आणि सफरचंदाची फोड. सोबत अर्धा पाइंट सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेलं लिंबाचं लोणचं. ती बाटली टेबलावर आली की जीनचा हात पुढे यायचा.

जीन त्या गावचीच. शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करून निवृत्त झालेली, मंदाताईंच्याच वयाची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी मंदाताई आणि अरविंदराव पहिल्यांदा त्या पबमध्ये शिरले, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून तिनं हाक मारून विचारलं होतं, की तुम्ही वाट चुकलात का. तेव्हापासून ती यांच्याबरोबर चालत होती. लोणच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, नाक लाल व्हायचं, आणि तरी ती पुन्हा चमचा घालायची. मंदाताई बाटली ठेवतानाच तिच्या बाजूला सरकवून ठेवायच्या. त्यांना एकमेकींशी बोलताना मी क्वचितच ऐकलं. दोघी शेजारी बसायच्या आणि बोलायच्या आमच्याशी.

आता त्या वाटेबद्दल सांगायला हवं. चालण्याचा शेवटचा टप्पा हॉब्लींच्या शेतातून होता. त्यांच्या घराच्या अंगणातून आत शिरायचं, कोठाराला वळसा घालून कुंपणाच्या कडेकडेनं शेत ओलांडायचं, ओढ्यावरच्या फळीवरून पलीकडे, की समोर पबची मागची बाग. बारा मिनिटांची सपाट वाट, एकही स्टाइल नाही. ही वाट सोडली तर दुसरा मार्ग म्हणजे दीड मैलाचा वळणांचा रस्ता, ज्याला फुटपाथ नाही आणि ज्यावरून गाड्या अशा जातात की माणूस कुंपणाला पाठ लावून उभा राहतो. सगळं गाव त्या शेतातून जायचं. पण सरकारी नकाशात ती वाट नव्हती.

दोन हजार तीनच्या जानेवारीतला पहिला रविवार. हॉब्लींच्या अंगणात आल्यावर मंदाताईंनी आम्हाला थांबवलं, एकट्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या, दोनदा दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. ऐंशीला टेकलेला उंच म्हातारा बाहेर आला. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट, खाली चिखलाचे गमबूट. मंदाताईंनी इंग्रजीत विचारलं, "मिस्टर हॉब्ली, या वर्षी आम्ही तुमच्या शेतातून येऊ का?" म्हाताऱ्यानं जरा विचार केल्यासारखं केलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गो ऑन, देन." मग मंदाताईंनी चकल्यांचा डबा त्याच्या हातात दिला, त्यानं गेल्या वर्षीचा रिकामा डबा परत केला, आणि आम्ही पुढे निघालो.

मला हे फार मजेशीर वाटलं. शेतातून निम्मं गाव जातं, कुणी विचारत नाही, मग आपणच का? मी तसं विचारलंही.

"अरे, माणसाच्या अंगणातून जायचं आणि विचारायचं नाही? तीस वर्षं मी लोकांच्या बेडरूममध्ये शिरले, पण डोअर नॉक केल्याशिवाय एकदा नाही." थोडं पुढे गेल्यावर त्या आपणहून म्हणाल्या की पहिल्यांदा विचारलं ते अरविंदरावांनी. तेव्हा हॉब्ली म्हणाला होता, की आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या जानेवारीत ते पुन्हा गेले तर त्यानं कपडे बदललेले होते. त्याची बायको आजारी पडली तेव्हा तिचं सगळं मंदाताईंनीच केलं होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही, जीननं सांगितलं.

मी तो सोहळा तीन वर्षं पाहिला. तिसऱ्या वेळी हॉब्लीला उभं राहायला दाराची चौकट धरावी लागली. त्या वसंतात तो गेला. पुतण्यानं शेत विकलं, आणि लंडनहून आलेल्या एका गृहस्थांनी ते घर घेतलं. पहिल्याच महिन्यात कुणा वाटसरूच्या मोकाट कुत्र्यानं त्यांच्या मेंढ्या पळवल्या, त्यातल्या दोन दगावल्या. पानगळीत आम्ही गेलो तेव्हा अंगणाला लोखंडी गेट होतं, त्याला कुलूप, आणि वर 'खाजगी' अशी पाटी. मंदाताई गेटसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि रस्त्याला लागल्या. तेव्हाच त्यांचा गुडघा दुखत होता, पण आम्हाला ते माहीत नव्हतं.

जीन स्वस्थ बसणारी नव्हती. तिनं कायदा शोधून काढला. लोक एखाद्या वाटेनं, ती बंद होण्याआधीची सलग वीस वर्षं, राजरोस, न लपता आणि न विचारता चालत आले असतील, तर ती वाट सगळ्यांची होते आणि मग कुणालाही ती बंद करता येत नाही. त्यासाठी कौन्सिलचे फॉर्म भरायचे, किती वर्षं चाललात, कुठून कुठे, कोणाबरोबर. गावातले जुने लोक बरेच गेलेले, नवे लोक गाडीतून उतरत नाहीत. त्यामुळे जास्तीत जास्त फॉर्म आमच्या मंडळींचेच होणार होते, आणि सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे मंदाताई. पंचवीस वर्षं, महिन्यातून दोनदा, पावसापाण्यात.

मी सॉफ्टवेअरमधला, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येकाला फोन करून मी माहिती घेतली आणि अकरा फॉर्म टाइप करून काढले. त्यात एक प्रश्न होता, की या वाटेनं जाण्यासाठी आपण कधी परवानगी मागितली होती का. मी अकराही फॉर्मवर 'नाही'ला खूण केली. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्यात खोटं असं काही वाटलंच नाही. म्हातारा हसून 'गो ऑन' म्हणायचा, चकल्या घ्यायचा, ती काय परवानगी झाली? शिवाय जीननं आधीच बजावलं होतं, की या एका प्रश्नावर सगळं अडतं. ज्याला विचारून चाललात, ती वाट त्याची. न विचारता चाललात, तर तुमची.

सह्यांसाठी फॉर्म वाटले त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी मंदाताई आमच्या घरी आल्या. फोन न करता त्या कधी येत नसत. चहा नको म्हणाल्या. टेबलावर फॉर्म ठेवला. माझी खूण त्यांनी एका रेघेनं खोडली होती, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख घातली होती. नर्सेस चार्टवर चूक दुरुस्त करतात ती तशी. खाली निळ्या शाईत, इंग्रजीत लिहिलं होतं, की होय, दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी, माझ्यासाठी आणि माझ्याबरोबर चालणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि मिस्टर हॉब्लींनी एकदाही नाही म्हटलं नाही.

मी म्हटलं, "मंदाताई, हे असं गेलं तर वाट गेली."

"मला कळतं रे. दोनदा वाचलाय मी फॉर्म."

"मग तो प्रश्न रिकामा सोडा. तुम्ही खोटं लिहू नका, पण निदान हे तरी लिहू नका."

स्मिता आतून पाणी घेऊन आली, ते मंदाताईंनी घेतलं. मग म्हणाल्या, "पराग, मी विचारायला जायची तेव्हा तो क्लीन शर्ट घालून बसायचा. आता मी म्हणू की मी कधी गेलेच नाही? मग तो कोणासाठी बसायचा?"

निघताना त्यांनी बूट घालायला जिन्याच्या पायरीवर बसून घेतलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलावा लागतोय. "पाय माझाच आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नको होती का ती वाट?" माझा फॉर्म मी त्याच संध्याकाळी बदलला. इतरांना मी सांगितलं. तिघांनी बदलला, बाकीच्यांनी उगाच खरेपणाचं सोंग म्हणून नाकं मुरडली.

पुढच्या रविवारी आम्ही रस्त्यानं मुक्कामाला पोचलो. जीन आधीच येऊन बसली होती. फॉर्म तिच्या हाती गेले होते. आमची ताटं आली, आणि ती म्हणाली, इंग्रजीतच आणि सगळ्या पबला ऐकू जाईल अशी, "मी या शेतातून पन्नास वर्षं चालते आहे, मंदा. मी कुणाला विचारलं नाही. तू माझ्यासाठी का विचारलंस? मी सांगितलं होतं तुला?"

हा प्रश्न खरा होता. मंदाताईंनी लिहिलं होतं, माझ्याबरोबर चालणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि जीन पंचवीस वर्षं त्यांच्याबरोबर चालली होती. म्हणजे जीनची पंचवीस वर्षंही त्या एका ओळीनं पुसली गेली. जीन ताट तसंच टाकून उठली. पण तरातरा निघून जायचं तर बूट दाराशी, आणि तिची पाठ धरलेली, वाकता येत नव्हतं. सगळा पब बघतोय, आणि ही ठेंगणी बाई बाकावर बसून नाडीशी झटापट करतेय. मंदाताई सवयीनं उठल्या, जाऊन तिच्यासमोर वाकल्या आणि नाडीला हात घातला. जीननं पाय मागे ओढून घेतला.

त्यानंतर दीड वर्ष त्या दोघी बोलल्या नाहीत. जीन त्या पबला यायची बंद झाली. मंदाताई लोणच्याची बाटली आणायच्या, ती टेबलावर असायची, आणि आम्हीच थोडं थोडं घ्यायचो. सव्वा वर्षानं कौन्सिलचं पत्र आलं, की पुरावा अपुरा आहे. गावातली चार माणसं मंदाताईंना पाहून रस्ता बदलायला लागली. ज्या बाईनं त्यांच्या आयांची अंगं पुसली होती तिला पाहून. मला त्या लोकांचा संताप यायचा आणि तसं बोलून दाखवलं की मंदाताई म्हणायच्या, त्यांची वाट गेली रे, रागावतील नाही तर काय.

गुडघा आता लपत नव्हता. ऑपरेशनच्या यादीत नाव होतं, पण त्यांच्या हृदयाचं काहीतरी निघालं आणि डॉक्टर पुढची तारीख, पुढची तारीख करत राहिले. एकदा रस्त्यावर एका व्हॅननं त्यांच्या छत्रीला धक्का दिला. छत्री मोडली, त्या कुंपणात बसल्या. ते कसं कोण जाणे कार्डिफला पोचलं. त्यांची मुलगी अनघा तिकडे हॉस्पिटलमध्ये काम करते, जन्म रीडिंगचा. तिचा मला फोन आला. "परागदादा, आईला रोडवर चालू नको देऊ प्लीज. तिची गुडघा खूप बॅड आहे. ती मला लिसन नाही करत, तुझं करेल." मी धीर करून सांगितलं, की आम्ही गाडीनं थेट पबला नेतो. त्या म्हणाल्या, "गाडीनं जाऊन जेवायचं म्हणजे ते जेवण झालं, फिरणं नाही झालं." त्या यायच्या थांबल्या. शनिवारचे फोन मात्र चालू राहिले. आम्ही काय खाणार ते विचारून घ्यायच्या, पबला कळवायच्या, आणि रविवारी घरी बसायच्या.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. आमचं पुण्याला परतायचं ठरलं होतं, ते त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "संडेला जरा लवकर गाडी घेऊन ये. हॉब्लींकडे जायचंय." हॉब्लीला जाऊन अडीच वर्षं झाली होती, पण घर त्यांच्या लेखी त्याचंच होतं.

नव्या गृहस्थांनी दार उघडलं. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, हातात रविवारचा पेपर. मंदाताईंनी आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, की या वर्षी मी तुमच्या शेतातून पबला जाऊ का. मी मागे उभा राहून जमिनीकडे बघत होतो. आता हा माणूस आपल्याला हाकलणार, असंच मनात होतं.

तो म्हणाला, "होय लिहिणाऱ्या त्या तुम्हीच ना?" कौन्सिलनं सगळे फॉर्म त्यालाही दाखवले होते. पंधरा फॉर्म आले होते म्हणे. पुढे तो जरा अडखळत बोलला. त्याला झुंडी नको होत्या, कुत्री नको होती. पण तुम्ही या. तुमचा पाय दिसतोय मला, एकट्या येऊ नका, सोबत एक माणूस आणा. गेटची किल्ली देतो.

"थँक्यू," मंदाताई म्हणाल्या. "या वर्षापुरतं."

"हवी तितकी वर्षं या. दर वेळी विचारायची गरज नाही."

"नाही. न विचारता वीस वर्षं चालले तर वाट माझी होईल," मंदाताई म्हणाल्या. "तेव्हा मी पंच्याण्णवची असेन, पण तरी नको." त्या हसत नव्हत्या, त्यामुळे त्या माणसाला हसावं की नाही ते कळेना. शेवटी तो हसला.

सोबतचा तो एक माणूस म्हणजे मी, हे मी गृहीतच धरलं होतं. मी आलोच होतो, माझ्या पायांत बूट होते, पुढच्या महिन्यात जाणार होतो. गाडीत बसल्यावर मी तसं म्हणालोही, की चला, पुन्हा एकदा त्या शेतातून. मंदाताईंनी माझ्या हातावर थोपटलं. "तू रस्त्यानं ये, स्मिताबरोबर. मला चर्चच्या मागच्या गल्लीत सोड."

तिथे जीनचं घर होतं. मी गाडीतच बसलो, पण काच खाली होती. जीननं दार उघडलं, पाहिलं, आणि दाराला हात लावून तशीच उभी राहिली. ती खूप बारीक झाली होती. मंदाताईंनी हातातली किल्ली दाखवली आणि म्हणाल्या, "एकीला सोबत आणायची परवानगी आहे. येशील?"

जीननं किल्लीकडे पाहिलं. "त्याला विचारलंस तू," ती म्हणाली.

"हो. आणि या वेळी तुला पण विचारतेय. तेव्हा विचारायला हवं होतं."

जीन आत गेली. मला वाटलं, संपलं. मंदाताई पायरीवरून हलल्या नाहीत. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि जीन एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बाहेर आली.

मी त्यांना गेटपाशी सोडलं आणि रस्त्यानं पबला गेलो. स्मिता आणि बाकीची मंडळी पोचली होती. आम्ही पाच जण मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिलो, तिथून शेत दिसतं. बारा मिनिटं झाली, वीस झाली. आमची ताटं आली, पण कुणी टेबलाकडे गेलं नाही. अर्ध्या तासानं कुंपणाच्या कडेला त्या दिसल्या. फार सावकाश येत होत्या. जीन बोलत होती, हातवारे करून, सलग, आणि मंदाताई मान हलवत होत्या. ओढ्याशी आल्यावर दोघी थांबल्या. फळी अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. जीन आधी गेली, पलीकडे पोचली, वळली आणि पाठीला एक हात लावून तिनं दुसरा हात पुढे केला. मंदाताईंनी तो धरला आणि दुखरा पाय आधी फळीवर टाकला.